गिरणीवरची दुर्बीण

“हालू नका!”

बाकीची माणसं ‘चोर, चोर’ म्हणून ज्या आवाजात ओरडतील, त्या आवाजात आक्का हे दोन शब्द म्हणायच्या. डबा धरून उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या, पायांत घोटाळणाऱ्या मांजराला म्हणायच्या, आणि पुढंपुढं तर थेट चंद्राला म्हणायला लागल्या. मांजर ऐकायचं. चंद्र ऐकत नसे, आणि त्याचा त्यांना मनापासून राग यायचा.

मुरुमच्या एका शाळेत मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा मला खोली मिळाली ती आक्कांच्या पिठाच्या गिरणीवर. खाली गिरणी, गिरणीमागं आक्कांचं घर, वर माझी खोली आणि खोलीपुढं मोकळी गच्ची. तुम्ही कधी चालू गिरणीत उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथं कुणी बोलत नाही, सगळे ओरडतात. आक्का लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्या गिरणीत उभ्या होत्या. नवरा गेल्यावर एकट्याच ती चालवत होत्या. गिरणी बंद झाली की पट्टा थांबायचा, जातं थांबायचं, आक्कांचा आवाज तेवढा थांबायचा नाही. माझ्याकडं कुणी आलं की त्या खालून विचारायच्या, “मॅडम, च्या टाकू का?” आणि कोपऱ्यावरचा हॉटेलवाला ऑर्डर समजून कप मांडायला लागायचा.

ठेंगणी, गोल बांध्याची बाई. पदर कमरेला खोचलेला, पापण्यांवर बारा महिने पीठ. त्यामुळं त्या रागावल्या तरी समोरच्याला थोडं हसू यायचं, आणि हसू आलं की त्या आणखी रागवायच्या.

त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जे मावत नाही ते तो गाडीत घालून मुरुमला आणायचा. आधी व्यायामाची सायकल आली. तिच्यावर आक्का रिकामी पोती वाळत घालायच्या. मग माशांची काचेची पेटी आली. तिच्यात शेंगदाणे राहायला गेले. एका दिवाळीला लांबलचक खोकं आलं.

“काय हाय ह्ये?”

“दुर्बीण आहे, आई. लॉकडाऊनमध्ये घेतली होती. गॅलरीत ठेवायला जागाच नाही.”

“मग हितं काय बघू? उमरगा?”

मुलगा हसला, खोकं जिन्याखाली सरकवलं आणि भाऊबीज उरकून गेला. आक्कांनी त्यातली त्यांना कळेल अशी एकच वस्तू काढून घेतली. एक गोल, जड, मधे भोक असलेलं लोखंड. ते त्यांनी लोणच्याच्या बरणीत दट्ट्यावर ठेवलं.

पुढं एकदा सकाळी लाइट गेली ती दुपार झाली तरी आली नाही. रिकामं बसणं हा आक्कांच्या दृष्टीनं आजार होता. त्या खोकं उचलून धापा टाकत वर आल्या.

“मॅडम, तुमी शाळेत शिकवता न्हवं? ही जोडा.”

“आक्का, मी मराठी शिकवते.”

“मग त्यावरचं वाचा की.”

खोक्यातला कागद इंग्रजीत होता आणि त्याच्या पाठीमागं चिनीत. मी इंग्रजी बाजू धरून बसले. आक्कांनी तोवर तीन पायांची घोडी उभी केली, तिच्या डोक्यावर मान बसवली, मानेवर ती हातभर लांबीची जाडजूड नळी चढवली. नळीनं लगेच मान टाकली. पुन्हा वर केली, पुन्हा टाकली. दोन दिवस आमची ती दुर्बीण जमिनीकडंच बघत होती.

“हिला अशक्तपणा हाय,” आक्का म्हणाल्या.

मग मी फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला, आणि मला त्यात एका दांड्यावर ओळखीचं लोखंड दिसलं. नळीचा तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला ते वजन लागतं. मी खाली जाऊन बरणी उघडली. वजन धुतलं, पण कैरीचा वास काही गेला नाही. त्यानंतर आभाळ बघताना मला नेहमी भूक लागायची.

आता डोळा कुठं लावायचा, हा प्रश्न. नळीचं एक तोंड उघडं. आक्कांनी सरळ त्यात डोकं घातलं आणि दचकून मागं झाल्या.

“आगं माय! ह्यात तर मीच हाय!”

त्या दुर्बिणीत मोठं भिंग नसतं, तळाशी आरसा असतो. आभाळातून आलेला उजेड त्या आरशावर पडतो, तिथून वर एका छोट्या आरशावर, आणि मग बाजूला काढलेल्या भोकातून आपल्या डोळ्यात. हे मी फोनवर बघून त्यांना सांगितलं. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या पुन्हा एकदा उघड्या तोंडातून वाकून बघत होत्या.

“एवढी म्हातारी झाले व्हय म्या?”

“आरसा मोठं करून दाखवतो, आक्का.”

“मग बेस हाय,” म्हणून त्यांनी पदरानं पापण्या पुसल्या.

नळीच्या पाठीवर एक बोटभर दुर्बीण असते, नेम धरायला. तिच्यात जे मधोमध दिसेल तेच मोठीत दिसायला हवं. तसं ते कधीच दिसत नव्हतं. “धाकटी एक सांगती, थोरली एक सांगती,” आक्का वैतागायच्या. हे जुळवायचं काम दिवसाउजेडी करायचं, लांबची न हलणारी वस्तू धरून, आणि सूर्याच्या बाजूला नळी चुकूनही फिरवायची नाही, नाहीतर डोळा जागच्या जागी जातो, असं व्हिडिओत बजावलं होतं. आक्कांनी त्याच दुपारी ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचं नाडीवालं टोपरं शिवलं. दिवस बुडेपर्यंत ते टोपरं नळीच्या तोंडावरून काढायला सक्त मनाई. नेम जुळवायचा तेवढ्यापुरती सूट.

आम्ही सूर्याकडं पाठ करून पाण्याची टाकी धरली. मी स्क्रू पिळत होते आणि आक्का मोठ्या दुर्बिणीत बघत होत्या. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. टाकी खाली लोंबत होती.

“मॅडम, टाकीवर मानूस हाय. डोकं खाली, पाय वर.”

“काय करतोय?”

आक्कांनी बराच वेळ बघितलं. “मोबाइल.”

आमच्या गल्लीला पाणी सोडणारे दादा होते ते. चार दिवस ते सांगत होते, व्हॉल्व्ह अडकलाय, रात्रंदिवस त्याच्याशीच झुंजतोय. आक्का गच्चीच्या कठड्याशी गेल्या, आणि त्यांनी जो आवाज दिला तो दुर्बिणीशिवाय टाकीपर्यंत पोचला.

“दादा! व्हॉल्व्ह खिशात ठेवा आन् पानी सोडा!”

अर्ध्या तासात नळाला पाणी आलं. त्या दिवसापासून गल्लीत दुर्बिणीबद्दल आदर वाढला आणि पाणी वेळेवर यायला लागलं. आक्का मात्र टाकीवर समाधानी नव्हत्या. “येवढ्या लांबनं आणलीया, आन् बघायचं काय तर दादा?”

चंद्र दिसला तो पंचमीचा. संध्याकाळी लाइट गेली, दळण थांबलं, आणि आक्का हात झटकत वर आल्या. डोळ्याकडच्या भोकात कमी ताकदीचं भिंग आधी लावायचं, सापडल्यावर मग जास्त ताकदीचं, एवढं मी एव्हाना शिकले होते. मी चंद्र धरून दिला. आक्कांनी डोळा लावला आणि त्या गप्प झाल्या.

तुम्ही आक्कांना ओळखत असता तर तुम्हीही माझ्यासारखं घाबरला असता. मी त्यांचा हात धरला. “आक्का, बरं वाटतंय ना?”

“टाकी लावलीया कुनी तरी,” त्या म्हणाल्या. गिरणीचं जातं गुळगुळीत झालं की त्याला छिन्नीनं टोचे मारून खरबरीत करतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. “सबंध जात्याला टाकी लावलीया, मॅडम. पर काम चांगलं न्हाय. टोचे लहानमोठे पडल्यात.”

एवढ्यात चंद्र भिंगातून सरकून बाहेर गेला. पृथ्वी फिरते, त्यामुळं दुर्बिणीतलं सगळं सारखं पुढं पळत असतं. तिथं पहिल्यांदा चंद्राला ते ऐकून घ्यावं लागलं: “हालू नको की!”

मग आमचं एक वेळापत्रकच बसलं. लाइट असली की खाली जातं फिरायचं, आणि जातं फिरत असलं की वरची गच्ची थरथरायची. दुर्बिणीत चंद्राला हुडहुडी भरलेली दिसायची. लाइट गेली की गच्ची स्थिर, गल्ली काळोखी, आभाळ लख्ख. आधी लाइट गेली की आक्का वीजवाल्यांचा उद्धार करायच्या. आता लाइट आली तरी करायच्या.

श्रावणातल्या संकष्टीचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आभाळ भरलेलं. गल्लीतल्या बायका ताटं घेऊन चंद्राची वाट बघत आमच्या गच्चीवर जमल्या, कारण आक्कांच्या दुर्बिणीत चंद्र लवकर येतो असा समज पसरला होता. तो पसरवला होता आक्कांनीच. कोपऱ्यावरच्या घरातल्या थोरल्या काकू सकाळपासून नुसत्या पाण्यावर होत्या आणि कठड्याला टेकून मोदकांच्या डब्याकडं बघत बसल्या होत्या.

आक्का उमरगा रस्त्याच्या बाजूला नळी फिरवत होत्या. एकदम ओरडल्या, “आला! पिवळाजर्द हाय! मधी ससा बी दिसतोय!”

मीही डोळा लावला. गोल, पिवळं, आणि बरोबर मधोमध काळा ठिपका. मला जरा शंका आली. पण कैरीच्या वासानं माझ्याही पोटात कावळे ओरडत होते. बायकांनी त्या दिशेला ओवाळलं, हात जोडले, आणि आपापल्या घरी जाऊन जेवल्या.

थोड्या वेळानं ढग फाटले आणि चंद्र लिंबाच्या शेंड्यावर निवांत उभा दिसला, आम्ही ओवाळलं त्यापासून बराच लांब. आम्ही ओवाळला होता तो उमरगा रस्त्यावरच्या नव्या पेट्रोल पंपाचा उंच दिवा. या दुर्बिणीत भिंग नीट जुळवलं नाही तर कुठलाही दिवा फुगून गोल चंद्र होतो, आणि नळीतल्या छोट्या आरशाची सावली त्याच्या मधोमध पडते. तोच आमचा ससा.

सकाळी डब्यांची रांग लागली, पण दळणाची घाई कुणाला नव्हती.

“आक्का, पंपाला ओवाळलं आमी!”

“मग झालं काय? पेट्रोल उतरंल जरा.”

सगळ्या हसल्या, थोरल्या काकू हसल्या नाहीत. “माझा उपास मोडला की गं,” एवढंच त्या म्हणाल्या. आक्कांचा चेहरा पडला. “तुमच्या समद्यांचा उपास म्या धरते उद्या,” त्या म्हणाल्या, आणि खरंच धरला. दुसऱ्या दिवशी भुकेल्या आक्कांच्या हाताखाली ज्यांचं दळण सापडलं, त्यांनी पुढं कधी त्या संकष्टीचा विषय काढला नाही. त्यानंतर त्यांनी स्वतःला एक शिस्त लावली. “आधी बारीक करा, मग बोला.” बाजूचं बटण फिरवून फुगलेला उजेड ठिपक्याएवढा करायचा, मगच तो काय आहे ते सांगायचं. डोळा लावणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागे. मी वर्गात मुलांनाही हे सांगायला लागले.

पाऊस सरला आणि आक्कांना शनी सापडला. मला नव्हे, त्यांनाच. “मॅडम, ह्या टिपक्याला कान हायेत,” म्हणाल्या. जास्त ताकदीचं भिंग लावलं तर कान नव्हतेच, कडं होतं. पिवळ्या वाटाण्याएवढा गोळा आणि त्याभोवती नाजूक, सुटं कडं. कुणी तरी आत चित्र चिकटवलंय असं वाटून मी नळीचं तोंड तपासून आले.

ही बातमी दळणाबरोबर घरोघर गेली. आक्कांनी नियम केला, आधी दळण, मग शनी. मग घरात पीठ असलेली माणसंही शेरभर ज्वारी घेऊन संध्याकाळी यायला लागली. काही जण जिन्यातूनच परत फिरायचे. मुद्दाम शनीच्या नजरेला नजर द्यायची त्यांची तयारी नव्हती. एक म्हातारबाबा बाटली घेऊनच वर आले आणि त्यांनी अदबीनं विचारलं, “तेल हितनंच वाहायचं का?”

“आरशावर येक थेंब पडला तर बगा!” आक्का नळीला कवटाळून उभ्या राहिल्या. बाबांनी लांबून नमस्कार केला. मग डोळाही लावला, आणि खाली जाताना बाटली विसरून गेले.

आरशाला तेलापेक्षा पिठाचं भय जास्त होतं, हे आम्हाला उशिरा कळलं. टोपरं असूनही पीठ आत जायचं. हिवाळ्यात शनीचं कडं धुरकट दिसायला लागलं. टॉर्च मारून बघितलं तर आरशावर साय धरल्यासारखा थर. आक्कांनी पदर सरसावला. यावेळी मी ओरडले, “हात लावू नका!” आरशावर चांदीसारखा पातळ लेप असतो, पुसला की चरे पडतात. तो धुवायचा असतो, आणि तेही अगदी क्वचित.

परातीत जाड टॉवेल घातला. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब. मळसूत्रं सोडवून आरसा बाहेर काढला. आक्कांनी वातींचा कापूस भिजवून तो नुसत्या त्याच्या वजनानं आरशावरून ओढत नेला, न दाबता. शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी ओतलं आणि आरसा भिंतीला तिरका टेकवून निथळत ठेवला. तो निथळेपर्यंत आक्का त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या. मांजराला खोलीत कोंडलं होतं.

आरसा परत बसवला, आणि शनी गेला. म्हणजे होता, पण शेपूट फुटल्यासारखा, फिसकटलेला. आरसा काढून बसवला की त्याचा कोन बिघडतो, तो तळाचे तीन स्क्रू पिळून पुन्हा जुळवावा लागतो. एकानं डोळा लावून सांगायचं, दुसऱ्यानं तळाशी बसून पिळायचं. दिवेलागण होऊन गेली होती, लाइट नव्हती. मी एक ठळक तारा धरून डोळा लावला. आक्का तळाशी.

“डावा थोडा सैल करा,” मी म्हणाले.

त्यांनी उजवा आवळला.

“उजवा नाही, डावा.”

“व्हय,” म्हणून त्यांनी तोच आणखी आवळला. तारा भिंगातून पार निघून गेला.

“आक्का, डावा! डावा!”

“जेवान झालंय माझं,” आक्का म्हणाल्या.

मी नळीवरून वाकून त्यांच्याकडं बघितलं. आमच्यात हातभर अंतर होतं. गिरणी बंद, गल्ली शांत, कुठं कुत्रंही भुंकत नव्हतं. मी पुन्हा, सावकाश, त्यांचं नाव घेऊन हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. मग मला कळलं. दिवसा त्या माझ्या ओठांकडं बघून बोलायच्या. गिरणीत सगळ्यांना तसंच कळतं. अंधारात ओठ दिसत नव्हते. एवढे दिवस मी समजत होते, त्या आमच्यासाठी मोठ्यानं बोलतात.

मी टॉर्च लावली, माझ्या तोंडावर धरली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांनाही कळलं, मला कळलंय ते.

“पोराला सांगू नका,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला लहान वाटला. “आधीच मागं लागलाय, गिरणी बंद कर म्हणून. ह्ये कळलं तर उद्या कुलूप लावंल.”

मी हो म्हटलं. मग आम्ही दुसरी युक्ती काढली. मी एका हातानं त्यांच्या खांद्यावर टिचकी मारायची. डावा खांदा म्हणजे डावा स्क्रू, उजवा म्हणजे उजवा, पाठीवर मारली की खालचा. केसातून हात फिरवला की बास. असं आम्ही आरसा जुळवला. तारा फुगवून बघितला तर काळा ससा बरोबर मधोमध आला होता. मी त्यांच्या केसातून हात फिरवला. हाताला पीठ लागलं.

संक्रांतीला मुलगा आला. अंधार पडल्यावर आक्का शनी शोधत होत्या. तो एव्हाना पश्चिमेला खाली गेला होता. मुलगा त्यांच्या मागं येऊन उभा राहिला. मी कठड्यापाशी होते, मला जावं की थांबावं कळेना.

“आई, आता बास झालं. गिरणी दे कुणाला तरी, आणि चल माझ्याकडं.”

आक्कांनी बटण फिरवलं.

“रागावलीस का?”

आक्कांनी नळी आणखी थोडी खाली केली.

“तू अशी गप्प बसलीस की मला काही सुचत नाही गं.”

आक्कांनी एकदम मान वर केली. “घावला! ये, डोळा लाव. हालू नको!”

तो बघतच राहिला. माझ्याकडं वळला. मी शब्द दिला होता, मी लिंबाकडं बघायला लागले. तो हुशार होता. तो आईच्या अगदी जवळ गेला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, “आई, भूक लागलीय.”

आक्का भिंग पुसत राहिल्या.

घरी आलेला पोरगा ‘भूक लागली’ म्हणतोय आणि आई भिंग पुसतेय, असं मुरुमात कधी घडलं नसेल. त्यानं फोनचा उजेड स्वतःच्या तोंडावर धरला, आणि पुन्हा म्हणाला. तेव्हा आक्का तटकन उठल्या. “मग मगाशी सांगायचं की!” आणि जिन्याकडं पळाल्या. तो तिथंच, उजेड तोंडावर तसाच धरून उभा राहिला.

सोलापूरच्या डॉक्टरांनी कान तपासून मशीन दिलं आणि सांगितलं, गिरणीच्या आवाजापासून लांब राहा, नाहीतर आहे तेही जाईल. मुलगा भांडला, रडला, पुण्याला गेला. आक्कांनी मशीन घालून एकदा गिरणी सुरू केली, लगेच बंद केली. “कानात शंभर गिरण्या फिरायल्यात,” म्हणून मशीन माशांच्या पेटीत शेंगदाण्यांवर ठेवून दिलं. गिरणी चालूच.

होळीच्या सुमारास एका संध्याकाळी थोरल्या काकूंना चंद्र बघायचा होता. संकष्टीला त्या कशाबशा वर आल्या होत्या, पण गुडघ्यांमुळं कठड्यापासून उठून दुर्बिणीला डोळा लावला नव्हता, आणि त्यानंतर तर त्यांनी ते नावच टाकलं होतं. आम्ही दोघींनी धरून त्यांना वर आणलं. मी हट्टानं आक्कांच्या कानात मशीन घातलं. काकूंनी डोळा लावला. मग अगदी पुटपुटल्या, “अगं बाई गं… किती जवळ आलाय.”

आक्का दचकल्या. “काय म्हनलात?”

“काही न्हाय.”

“न्हाय, म्हनलात. परत म्हना.”

काकू लाजल्या, पण परत म्हणाल्या. पाणी सोडणारे दादा रांगेत होते. त्यांनी डोळा लावला आणि श्वास आत ओढून हळूच “आयला” म्हणाले. आक्कांनी तेही ऐकलं. मग त्या भिंगाशी गेल्याच नाहीत. नळीच्या बाजूला उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत राहिल्या. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी आईचं, एक गडी नुसताच हसला.

सगळे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “समदी असंच म्हनत्यात? रोज?”

“रोज.”

“इतके दिस म्या दाखवायली, आन् मला कुनी सांगितलं न्हाय.” त्या कठड्यावर बसून राहिल्या. लाइट आली तरी खाली गेल्या नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी गिरणी पुतण्याला चालवायला दिली. मुलानं सांगून झालं नव्हतं, डॉक्टरांनी सांगून झालं नव्हतं. स्वतः मागच्या दारी बसून धान्य निवडायला लागल्या. मशीनमुळं गल्लीचे थोडे हाल झाले. बायका जे त्यांच्यासमोर खुशाल कुजबुजायच्या ते आता पोचायला लागलं. “माझं दळण जाडं पडत हुतं व्हय गं?” असं त्या मागून येऊन विचारायच्या, आणि विचारतानाचा आवाज इतका मऊ असायचा की विचारलेल्या बाईची बोबडी वळायची.

पुढं माझी बदली तुळजापूर तालुक्यात झाली आणि मी तामलवाडीला राहायला आले. फोनवर आक्का रोजच्या रोज आभाळाची खबर द्यायच्या. मग एका माघात त्या गल्लीतल्या बायकांना घेऊन जीपनं तुळजापूरला देवीला आल्या, आणि दर्शन उरकून संध्याकाळी माझ्या दारात. जीपमधून गोधडीत गुंडाळलेली दुर्बीण उतरवली.

“गुडघ्याचं आप्रेशन हाय पुन्याला. सा म्हैनं तरी लागतील. हिला तिकडं न्हेऊन काय करू? मुलगा म्हनतो, तिथं आभाळ दिसतच न्हाय. तुमच्यापाशी ठिवा. टोपरं धुतलंय. आन् आरशाला हात लावायचा न्हाय.”

ऑपरेशन चांगलं झालं. त्या काठी न घेता चालायला लागल्या होत्या, मुलाबरोबर खाली बागेत जायच्या. मग एका सकाळी उठल्याच नाहीत. मुलगा फोनवर नीट बोलू शकला नाही. दुर्बिणीचं काय करायचं, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही, आणि त्यानंही विचारलेलं नाही.

त्या माघातल्या संध्याकाळी चहा झाल्यावर सगळ्या बायका जीपमध्ये बसल्या. आक्का पुढं, ड्रायव्हरशेजारी. जीप सोलापूर रस्त्याला लागली. मी दारातच उभी होते. थोडं पुढं जाऊन ती कडेला थांबली. मला वाटलं, काही विसरलं. आक्का उतरल्या, एक हात दाराला धरून, आणि दुसरा वर केला. मावळतीला चंद्राची बारीक कोर होती आणि तिच्या शेजारी शुक्र. ड्रायव्हर उतरला. मग मागचं दार उघडून एकेक बाई उतरली. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवून जात होते. त्या काय सांगत होत्या ते मला इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण सगळ्या जणी हातातल्या प्रसादाच्या पिशव्या सांभाळत, माना वर करून ऐकत होत्या, ड्रायव्हरसुद्धा. ती जीप तिथून निघायला बराच वेळ लागला.